लिनक्सवर टीव्ही ट्यूनर: निवड, जोडणी आणि अडचणींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उबंटू, डेबियन किंवा तशाच एखाद्या लिनक्सवर सेट-टॉप बॉक्सशिवाय टीव्ही बघायचा, रेकॉर्ड करायचा, घरातल्या इतर पडद्यांवर पाठवायचा असेल तर हे पान तुमच्यासाठी आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाइप करायची.

कुठला ट्यूनर घेऊ?

आधी घरात सिग्नल कुठून येतो ते बघा. ट्यूनर, म्हणजे टीव्हीचा सिग्नल पकडून संगणकाला देणारं उपकरण, त्यावरून ठरतो. छत्रीवरून येत असेल तर डीव्हीबी-एस२ ट्यूनर लागतो, गच्चीवरच्या अँटेनावरून येत असेल तर डीव्हीबी-टी२, आणि केबलवाल्याची वायर असेल तर डीव्हीबी-सी. हे तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. टी२ आणि सी एकाच ट्यूनरमध्ये बरेचदा मिळतात, कारण दोन्हींच्या फ्रिक्वेन्सी साधारण एकाच पट्ट्यातल्या असतात. छत्रीचं काम मात्र वेगळं. तिथे ट्यूनरला छत्रीसमोर बसवलेल्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडून वायरीत सोडणाऱ्या डबीला, वीजही पुरवावी लागते.

भारतात, त्यातही महाराष्ट्रात, व्यवहारी उत्तर जवळजवळ नेहमी एकच निघतं: डीव्हीबी-एस२ घ्या आणि डीडी फ्री डिश लावा. मासिक भाडं नाही, सह्याद्रीसह बऱ्याच वाहिन्या कुलूप न लावता येतात आणि छत्री फार तर दोन फुटांची लागते.

अँटेनाचं गणित तितकं सरळ नाही. दूरदर्शनने २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण सुरू केलं. त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, ही दोन होती. वाहिन्या मोजक्याच, आणि मनोऱ्यापासून लांब गेलात की काहीच नाही. तुमच्या भागातला डिजिटल ट्रान्समीटर आज चालू आहे ना, हे दूरदर्शनकडून कळल्याशिवाय टी२ ट्यूनरवर पैसे घालू नका.

माळ्यावर जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड पडलंय. ते चालेल का?

टीव्ही बघायला नाही. दोन हजारच्या दशकात घरोघरी असलेली ती कार्डं ॲनालॉग होती. त्यांतल्या बहुतेकांवर बीटी८७८ किंवा एसएए७१३४ घराण्यातली चिप असे. लिनक्स ती आजही ओळखतं, ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, पण पकडायला सिग्नलच उरलेला नाही. मुंबईत केबल ३१ ऑक्टोबर २०१२ला डिजिटल झाली. पुणे, नागपूर, नाशिक वगैरे शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटरही २०२२पर्यंत बहुतेक सगळे बंद झाले.

त्यामुळे लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कुणी दोनशे रुपयांत असं कार्ड दाखवलं तरी मोह आवरा. त्याचा एकच उपयोग उरलाय, तो म्हणजे व्हिडिओ कॅसेट संगणकात उतरवणं. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

माझ्या डीटीएच कंपनीच्या किंवा केबलच्या वाहिन्या दिसतील का?

ट्यूनर सिग्नल पकडेल, स्कॅनमध्ये वाहिन्यांची नावंही दिसतील, पण चित्र येणार नाही. त्या प्रवाहाला कुलूप असतं आणि किल्ली असते बॉक्समधल्या किंवा बॉक्सशी बांधलेल्या कार्डात. काही महागड्या ट्यूनर कार्डांवर अशा कार्डासाठी खाच असते, पण तिच्यात बसणारं अधिकृत मॉड्यूल आपल्याकडे सहजी मिळत नाही. इंटरनेटवरून किल्ल्या वाटून घेण्याचे उद्योग बेकायदा आहेत, म्हणून त्यांबद्दल इथे काही नाही.

बॉक्सची एचडीएमआय वायर कॅप्चर कार्डात घालूनही बहुधा काळा पडदाच मिळतो, कारण त्या वायरीवरही एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं. सशुल्क वाहिन्यांसाठी बॉक्सच वापरा आणि ट्यूनर मोकळ्या वाहिन्यांसाठी ठेवा.

खोक्यावर लिनक्सचं चित्र आहे. एवढं पुरे का?

नाही. खोक्यावरचं नाव तेच ठेवून आतली चिप बदलण्याची या धंद्यात जुनी खोड आहे. मॉडेलच्या नावापुढे ‘व्ही२’ किंवा ‘व्ही३’ लागलं की आत वेगळंच काहीतरी असू शकतं. म्हणून विकत घेण्याआधी तीन गोष्टी शोधा: डिमॉड्युलेटर चिप (सिग्नलमधून डिजिटल प्रवाह वेगळा काढणारी) कोणती, ट्यूनर चिप कोणती आणि यूएसबी किंवा पीसीआय पूल (त्यांना संगणकाशी जोडणारी चिप) कोणता. या तिन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये असतील तर आणि तरच काम सोपं.

वापरलेला ट्यूनर घेताना विकणाऱ्याकडे यूएसबी ओळख क्रमांक मागा. चार-चार अक्षरांचे दोन तुकडे, मधे अपूर्णविराम, असा तो असतो आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही दिसतो. लिनक्सटीव्ही प्रकल्पाच्या विकीवर तो क्रमांक सापडला की निम्मी काळजी मिटली.

मग नेमकी कोणती मॉडेल्स?

छत्रीसाठी यूएसबीत डीव्हीबीस्काय एस९६० आणि पीसीटीव्ही ४६१ई ही नावं चांगली. दोन्हींत माँटेज कंपनीची एम८८डीएस३१०३ चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये डीव्हीबीस्काय एस९५२ हे दोन ट्यूनरचं कार्ड. टीबीएस ६९०२ हेही दोन ट्यूनरचं आणि दणकट, पण टीबीएसचे ड्रायव्हर बहुधा कर्नलबाहेरून बांधावे, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः कंपाइल करावे लागतात. डिजिटल डिव्हाइसेसची कार्डं उत्तम असतात आणि किंमतही तशीच असते.

टी२ आणि सीसाठी हॉपॉजचं विनटीव्ही-ड्युअलएचडी, पीसीटीव्ही २९२ई, मायजिका टी२३० अशी नावं आहेत. यांत बहुधा सिलिकॉन लॅब्सची एसआय२१६८ चिप असते. रास्पबेरी पाय असेल तर २०१८ साली आलेला त्यांचा टीव्ही हॅट थेट पिनांवर बसतो, पण तो टी आणि टी२पुरताच. छत्रीला उपयोग नाही.

एका स्वस्त वस्तूपासून सावध राहा. आरटीएल२८३२यू चिपच्या यूएसबी काड्या अगदी थोडक्या पैशांत मिळतात. त्या फक्त जुन्या डीव्हीबी-टीसाठी आहेत. भारतातलं प्रक्षेपण टी२ असल्याने इथे त्यांच्यावर टीव्ही येत नाही. रेडिओचे प्रयोग करायला मात्र झकास.

यूएसबी की आतलं कार्ड?

लॅपटॉप किंवा छोटा संगणक असेल तर यूएसबीच. टॉवर असेल आणि तो चोवीस तास चालू राहणार असेल तर आतलं कार्ड बरं, कारण वायर सैल होत नाही आणि झोपेतून उठताना यूएसबी जसा गोंधळ घालतं तसा होत नाही. पीसीआय एक्स्प्रेसची छोटी एक-लेनची कार्डं मोठ्या खाचेतही बसतात, तेव्हा मदरबोर्डवर छोटी खाच नाही म्हणून अडत नाही. जुन्या, साध्या पीसीआय खाचेचं कार्ड मात्र आजच्या बोर्डावर बसत नाही.

यूएसबीवर छत्रीचा ट्यूनर घेताना सोबत वेगळा अडॅप्टर आहे ना ते बघा. यूएसबी २ पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे जेमतेम अडीच वॅट. एलएनबीला १८ व्होल्टवर दोनशे मिलीअँपिअर लागले तर तेच साडेतीन वॅटच्या वर जातं. अडॅप्टर न लावता ट्यूनर ओळखला जातो, ड्रायव्हरही चढतो आणि सिग्नल शून्य येतो. बिघाड शोधण्यात आख्खी दुपार घालवायचा हा हमखास मार्ग.

एक ट्यूनर पुरेल की दोन लागतील?

ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरून एका फ्रिक्वेन्सीवर येणारा वाहिन्यांचा गठ्ठा, पकडतो, पण त्या ट्रान्सपाँडरवर बसलेल्या सगळ्या वाहिन्या एकदम हाती येतात. म्हणजे एकाच ट्रान्सपाँडरवरच्या तीन वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरची मालिका बघत या ट्रान्सपाँडरवरचा सामना रेकॉर्ड करायचा असेल तरच दुसरा ट्यूनर लागतो. बहुतेक घरांना दोन भरपूर होतात.

अमेरिकेतून, इंग्लंडमधून आणलेला ट्यूनर इथे चालेल का?

अमेरिकेतला नाही. तिथलं जमिनीवरचं प्रक्षेपण एटीएससी आहे, पद्धतच निराळी. उलट बाजूने, न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी इथून डीव्हीबी-टी२ ट्यूनर नेऊन काही साधत नाही. इंग्लंड आणि युरोपातले टी२ किंवा एस२ ट्यूनर इथे चालतात. ऑस्ट्रेलियातला डीव्हीबी-टी ट्यूनर टी२ पकडत असेल तर चालेल. तिथली वाहिनी ७ मेगाहर्ट्झ रुंद आणि इथली ८, पण हा फरक ड्रायव्हर सांभाळतो. जर्मनीत जमिनीवरून येणाऱ्या खासगी वाहिन्या पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, सरकारी मोकळ्या आहेत.

ट्यूनर जोडला. लिनक्सने ओळखला हे कसं कळेल?

क्रमाने जा. यूएसबी असेल तर ‘एलएसयूएसबी’ आणि आतलं कार्ड असेल तर ‘एलएसपीसीआय’ चालवा. यादीत ट्यूनर दिसला तर निदान तारेचं काम झालं. यादीतच नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. पोर्ट बदला, हब काढा, कार्ड उपसून पुन्हा नीट बसवा.

मग ‘सुडो डीमेसेज’ चालवून शेवटच्या तीस-चाळीस ओळी वाचा. ‘डीव्हीबी’ आणि ‘फ्रंटएंड’ हे शब्द दिसले पाहिजेत. शेवटी ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘डीव्हीबी’ नावाचं फोल्डर तयार झालंय का बघा. त्यात ‘अडॅप्टर०’ आणि त्याच्या आत ‘फ्रंटएंड०’, ‘डीमक्स०’, ‘डीव्हीआर०’ अशा नोंदी असतात. दोन ट्यूनरचं कार्ड असेल तर बहुधा ‘अडॅप्टर१’ही येतो.

डेबियन-उबंटूत ‘डीव्हीबी-टूल्स’ हे पॅकेज बसवलं की ‘डीव्हीबी-एफई-टूल’ मिळतं. ते चालवल्यावर ट्यूनरला कोणत्या पद्धती येतात ते छापून येतं. तिथे डीव्हीबीएस२ लिहिलेलं नसेल तर दुकानदाराने काहीही सांगितलं असलं तरी तो एस२ ट्यूनर नव्हे.

फोल्डर आहे पण सॉफ्टवेअर ‘परवानगी नाही’ म्हणतंय? तुमचा वापरकर्ता ‘व्हिडिओ’ गटात नाही. ‘यूजरमॉड’ने घाला, लॉगआउट करून परत या. नुसती टर्मिनलची खिडकी बंद-चालू करून भागत नाही.

डीमेसेजमध्ये फर्मवेअर सापडलं नाही असं येतंय.

नव्या ट्यूनरची ही सगळ्यात नेहमीची अडचण आहे, आणि सगळ्यात सोपीही. चिपला चालू होताना एक छोटा प्रोग्राम भरवावा लागतो. तो कंपनीचा बंद कोड असल्याने काही वितरणं तो सोबत देत नाहीत. डीमेसेजच्या ओळीत फाइलचं पूर्ण नाव येतं, उदाहरणार्थ नावात ‘एसआय२१६८’ आणि ‘बी४०’ असे तुकडे असतात. ते नाव अक्षर न् अक्षर तसंच हवं. बी४०च्या जागी ए३०ची फाइल नाव बदलून ठेवून चालत नाही, कारण त्या दोन वेगळ्या चिप आहेत.

उबंटूत आधी ‘लिनक्स-फर्मवेअर’ अद्ययावत करा. डेबियनमध्ये ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ भांडार चालू करून ‘फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री’ बसवा. तरीही नसेल तर लिब्रेइलेक प्रकल्पाच्या डीव्हीबी फर्मवेअर संग्रहातून ती एकच फाइल घेऊन ‘लिब’ खालच्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये ठेवा. मग ट्यूनरची वीज पूर्ण तोडा, यूएसबी उपटा, अडॅप्टरही काढा, दहा सेकंदांनी परत लावा. आतल्या कार्डासाठी संगणक रीस्टार्ट करून भागत नाही, शटडाउन करून मुख्य बटण बंद करावं लागतं. अर्धवट फर्मवेअर भरलेली चिप वीज असेपर्यंत हट्ट सोडत नाही.

काल चालू होता, आज ट्यूनरच गायब. काय झालं असेल?

तीन संशयित आहेत. पहिला, कर्नल अद्ययावत झाला आणि तुम्ही बाहेरून बांधलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी होता. टीबीएसवाल्यांना हे दर थोड्या दिवसांनी भोगावं लागतं. ड्रायव्हर डीकेएमएसमधून बसवला असेल तर तो आपोआप परत बांधला जातो. नसेल तर हाताने बांधा, किंवा रेकॉर्डिंगसाठीच ठेवलेल्या संगणकावर कर्नलची आवृत्ती रोखून धरा.

दुसरा, सिक्युअर बूट. बाहेरून बांधलेल्या मॉड्यूलवर, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलीवर, डिजिटल सही नसेल तर कर्नल ते चढवू देत नाही. ‘की रिजेक्टेड’ किंवा ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असा मजकूर दिसला तर रोग हाच. स्वतःची किल्ली नोंदवून मॉड्यूलवर सही करा, नाहीतर बायोसमधून सिक्युअर बूट बंद करा.

तिसरा फक्त आरटीएल काडीवाल्यांसाठी. सॉफ्टवेअर रेडिओचं ‘आरटीएल-एसडीआर’ पॅकेज बसवलं की ते बऱ्याचदा टीव्हीच्या ड्रायव्हरला ‘मॉडप्रोब डॉट डी’ फोल्डरमधल्या फाइलीतून ब्लॅकलिस्ट करतं. एका काडीवर एका वेळी रेडिओ तरी नाहीतर टीव्ही तरी, त्यामुळे हे मुद्दाम केलेलं असतं. टीव्ही हवा असेल तर ती ओळ काढा.

छत्री कुठे वळवायची?

डीडी फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला आणि बराच उंच दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर मुंबईतून साधारण १३१ अंशांवर, पुण्यातून १३२वर, नागपुरातून १४४-१४५वर. क्षितिजापासूनची उंची मुंबईत ५७-५८ अंश, पुण्यात ५९, नागपुरात ६०. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे नगण्य फरक आहे, तेव्हा वेगळी दुरुस्ती नको. फोनचं होकायंत्र मात्र लोखंडी कठड्याजवळ, टाकीच्या स्टँडजवळ सर्रास खोटं बोलतं. चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्या आणि तिकडची एखादी खूण लक्षात ठेवा.

घरगुती छत्री ऑफसेट असते. तिचं तोंड प्रत्यक्ष उपग्रहापेक्षा साधारण पंचवीस अंश खाली दिसतं. म्हणून ५९ अंश उंची हवी असताना छत्री आभाळाकडे आ वासून बसलेली दिसली तर ती चुकीची लागली आहे.

दिशा पक्की झाली की एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू फिरवा. इथे दोन-तीन डेसिबल सहज मिळतात आणि बहुतेक जण हेच करायचं विसरतात.

एलएनबीचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये काय भरायचे?

एलएनबीच्या बुडावर एलओ (लोकल ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी) म्हणून छापलेलं वाचा. युनिव्हर्सल असेल तर ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे असतात आणि ११७०० मेगाहर्ट्झला एकातून दुसऱ्यात बदल होतो. ट्यूनरला वायरीतून मिळते ती वजाबाकी. समजा ट्रान्सपाँडर ११०९० मेगाहर्ट्झवर आहे, तर ११०९० वजा ९७५० म्हणजे १३४० मेगाहर्ट्झ. सॉफ्टवेअरमध्ये चुकून १०६०० भरलं तर ट्यूनर ४९०वर शोधत बसेल आणि तिथे काहीच नसेल. ‘छत्री बॉक्सला चालते, संगणकाला चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बरेचदा एवढंच असतं.

मोठ्या सी-बँड छत्रीवर एलओ ५१५० असतो आणि वजाबाकी उलटी होते: ५१५० वजा ट्रान्सपाँडरची फ्रिक्वेन्सी.

व्हर्टिकल पोलरायझेशनसाठी ट्यूनर १३ व्होल्ट देतो, हॉरिझाँटलसाठी १८, आणि वरच्या पट्ट्यासाठी २२ किलोहर्ट्झचा सूर. हे सॉफ्टवेअर आपण होऊन करतं.

एकाच छत्रीवर बॉक्स आणि संगणक दोन्ही लावता येतील का?

साध्या केबल स्प्लिटरने नको. दोघंही एलएनबीला आपापला व्होल्टेज पाठवतात. एक १३ म्हणतो, दुसरा १८, आणि दोघांतल्या एकाच्या वाहिन्या अधूनमधून गायब होतात. दोन तोंडांची, म्हणजे ट्विन एलएनबी घ्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र वायर ओढा. वायर ७५ ओहमची आरजी-६, टोकाला एफ कनेक्टर. पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबून बसवलेला टिकतो. जाळीची एक जरी तार मधल्या तांब्याला शिवली तर एलएनबीची वीज शॉर्ट होते. वीस मीटरपर्यंत वायर लांब असली तरी चिंता नाही. त्याहून लांब असेल तर आधी वायर चांगली घ्या, ॲम्प्लिफायर नंतर.

सॉफ्टवेअर कोणतं?

एकाच संगणकावर कधीमधी बघायचं असेल तर काफीन किंवा व्हीएलसी पुरतं. रेकॉर्डिंग, वेळापत्रक, घरभर प्रक्षेपण हवं असेल तर ट्यूनर सांभाळायला टीव्हीहेडएंड बसवा आणि पडद्यावर बघायला कोडी. मिथटीव्ही आणि व्हीडीआर ही जुनी, भक्कम नावं आहेत, पण पहिल्यांदाच करणाऱ्याला त्यांची मांडणी दमवते. पुढचं सगळं टीव्हीहेडएंड धरून लिहिलं आहे.

टीव्हीहेडएंडमध्ये फ्री डिश कशी लावायची?

बसवताना विचारलेलं प्रशासकाचं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवा. मग ब्राउझरमध्ये संगणकाचा पत्ता आणि ९९८१ हा पोर्ट उघडा. मदतनीस विझार्ड समोर येतो. छत्रीसाठी तो रद्द करून हाताने केलेलं बरं, कारण त्याच्या तयार याद्या बऱ्याचदा शिळ्या असतात.

१. ‘नेटवर्क्स’मध्ये डीव्हीबी-एस प्रकारचं नवं नेटवर्क करा. कक्षेची जागा ९३.५ई. ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू ठेवा.

२. ‘टीव्ही अडॅप्टर्स’मध्ये डीव्हीबी-एस फ्रंटएंड निवडून ‘एनेबल’ करा. ‘सॅटकॉन्फिग’मध्ये ‘युनिव्हर्सल एलएनबी ओन्ली’ निवडा, सेव्ह करा. आता झाडात एक पायरी खाली जाऊन एलएनबीच्या नोंदीला वर केलेलं नेटवर्क जोडा. ही खालची पायरी डोळ्यांतून सुटते आणि मग स्कॅन सुरूच होत नाही.

३. ‘मक्सेस’मध्ये एक ट्रान्सपाँडर हाताने भरा: फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट, पोलरायझेशन, डीव्हीबीएस की डीव्हीबीएस२. आकडे दूरदर्शनच्या चालू यादीतून घ्या, कुठल्यातरी जुन्या व्हिडिओतून नाही. एक ट्रान्सपाँडर लागला की त्याच्यातल्या नेटवर्क तक्त्यावरून बाकीचे आपोआप येतात. नाही आले तर उरलेले हाताने भरा, मोजकेच आहेत.

४. स्कॅन ‘ओके’ झाला की ‘सर्व्हिसेस’मध्ये वाहिन्या दिसतात. ‘मॅप ऑल’ करा. कुलूपबंद वाहिन्या वगळण्याची खूण तिथेच आहे.

कोडीत ‘टीव्हीहेडएंड एचटीएसपी क्लायंट’ हे ॲड-ऑन घालून संगणकाचा पत्ता आणि ९९८२ पोर्ट द्यायचा. टीव्हीहेडएंडमध्ये कोडीसाठी वेगळा वापरकर्ता करा, प्रशासकाचा पासवर्ड घरभर वाटू नका.

स्कॅन पूर्ण झाला पण एकही वाहिनी नाही.

आधी हे ठरवा: सिग्नलच नाही, की सिग्नल आहे आणि लॉक होत नाही? टीव्हीहेडएंडच्या ‘स्टेटस’मध्ये सिग्नल आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) बघा. दोन्ही शून्य असतील तर एलएनबीला वीज नाही किंवा वायर तुटली आहे. सिग्नल आहे पण एसएनआर शून्य, तर छत्री दुसऱ्याच उपग्रहाकडे बघत असेल किंवा एलओ चुकला असेल. दोन्ही बरे आहेत आणि तरी लॉक नाही, तर सिम्बॉल रेट किंवा एस-एस२चा घोळ.

‘उपकरण व्यस्त आहे’ असा निरोप आला तर दुसरा एखादा प्रोग्राम ट्यूनर धरून बसला आहे. बहुतेक वेळा तो टीव्हीहेडएंडच असतो. टर्मिनलमधून ‘डब्ल्यू_स्कॅन’ किंवा ‘डीव्हीबीव्ही५-स्कॅन’ चालवण्याआधी ‘सिस्टिमसीटीएल’ने त्याला थांबवा.

चित्राच्या चौकटी फुटतात, आवाज तुटतो.

ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या आणि तरी बातम्या समजायच्या. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत सुंदर असतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून डोळ्यांवर नाही, आकड्यांवर विश्वास ठेवा. ‘८पीएसके ३/४’ या एस२ सिग्नलला सिद्धांतात साधारण ८ डेसिबल एसएनआर लागतो. कोरड्या दिवशी त्यावर तीन-चार डेसिबल शिल्लक असले पाहिजेत, नाहीतर आषाढातली पहिलीच मोठी सर टीव्ही बंद पाडेल. कोकणात छत्री एक आकार मोठी घेणं शहाणपणाचं.

एसएनआर भरपूर आहे आणि ‘कंटिन्युइटी एरर’ (प्रवाहातले तुकडे हरवल्याची मोजणी) वाढताहेत, तर दोष आकाशात नाही, संगणकात आहे. यूएसबी हब काढा, ट्यूनर आणि रेकॉर्डिंगची डिस्क वेगवेगळ्या कंट्रोलरवर लावा, यूएसबीची ‘ऑटोसस्पेंड’ सोय त्या उपकरणापुरती बंद करा. टी२ची काडी थेट संगणकाला खोचली असेल तर एक मीटरची एक्स्टेंशन लावून लांब करा. संगणक स्वतःच बराच रेडिओ गोंगाट करतो.

केबल किंवा मनोऱ्याच्या अगदी जवळ उलटंही घडतं, सिग्नल इतका जोरात की ट्यूनर गुदमरतो. अशा वेळी ॲम्प्लिफायर काढून टाकल्यावर चित्र सुधारतं.

रेकॉर्डिंगला किती जागा लागते? प्रोसेसर किती लागतो?

ट्यूनर आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो, तो पुन्हा दाबत बसत नाही, त्यामुळे प्रोसेसरला जवळजवळ काम नसतं. ४ मेगाबिट प्रतिसेकंदाची साधी वाहिनी तासाला सुमारे १.८ जीबी घेते, ८ मेगाबिटची एचडी ३.६ जीबी. साधी फिरती डिस्क तीन-चार रेकॉर्डिंग एकदम सहज पेलते. मेमरी कार्डावर मात्र रेकॉर्डिंग करू नका, रोजच्या लिहिण्याने ती लवकर मरतात.

बघताना हलत्या चित्राच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसले तर डीइंटरलेस चालू करा. प्रक्षेपण एकाआड एक ओळींचं असतं आणि संगणकाचा पडदा तसा नसतो. रास्पबेरी पाय ३ किंवा त्याआधीच्यावर एमपेग-२ सुरळीत हवं असेल तर वेगळी परवाना किल्ली विकत घ्यावी लागते. पाय ४ आणि पुढच्यांना लागत नाही, त्यांचा प्रोसेसरच पुरेसा आहे.

संगणक झोपून उठला की ट्यूनर काम करत नाही.

काही यूएसबी ट्यूनर झोपेत फर्मवेअर विसरतात आणि ड्रायव्हरला ते कळत नाही. झोपण्याआधी टीव्हीहेडएंड थांबवून मॉड्यूल उतरवायचं आणि उठल्यावर परत चढवायचं, एवढी एक छोटी स्क्रिप्ट ‘सिस्टिमडी’च्या ‘सिस्टिम-स्लीप’ फोल्डरमध्ये ठेवली की काम होतं.

दोन ट्यूनर आहेत, रीस्टार्ट केल्यावर त्यांचे क्रमांक अदलाबदल होतात.

जो ड्रायव्हर आधी चढेल त्याला शून्य क्रमांक मिळतो. ‘मॉडप्रोब डॉट डी’ फोल्डरमधल्या फाइलीत त्या-त्या मॉड्यूलला ‘अडॅप्टर_एनआर’ हा पर्याय देऊन क्रमांक कायमचे नेमा. दोन्ही ट्यूनर एकाच ड्रायव्हरवर असतील तर स्वल्पविरामाने दोन आकडे द्या.

कार्यक्रमांच्या यादीत अक्षरांऐवजी चौकोन येतात.

वाहिनी मजकूर कोणत्या अक्षरसंचात पाठवते हे सांगायला चुकते आणि सॉफ्टवेअर लॅटिन गृहीत धरतं. टीव्हीहेडएंडमध्ये त्या नेटवर्कचा ‘कॅरेक्टर सेट’ यूटीएफ-८ करून बघा. तो पर्याय मक्स आणि सर्व्हिसलाही वेगवेगळा देता येतो.

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट उतरवायला काय घ्यावं?

इथे ट्यूनर नको, पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी घेणारी कॅप्चर काडी हवी. माळ्यावरचं जुनं ॲनालॉग कार्डही चालेल, फक्त त्याला साधी पीसीआय खाच असलेला जुना संगणक लागेल. स्वस्त काड्यांत एकाच दिसण्याच्या खोक्यात तीन-चार वेगळ्या चिपा निघतात. एसटीके११६० आणि यूटीव्ही००७ यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत, सोमॅजिकच्या चिपसाठी बाहेरचा शोधावा लागतो. दुकानात लॅपटॉप नेऊन ‘एलएसयूएसबी’ चालवून घेतलेलं उत्तम.

‘व्ही४एल२-सीटीएल’ने पद्धत पाल (पीएएल) करा, इनपुट कंपोझिट, आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी राहिलं तर चित्र वर-खाली सरकत राहतं किंवा काळंपांढरं येतं. अमेरिकेतून आलेली कॅसेट मात्र एनटीएससीच असेल आणि तिला तशीच चालवणारा व्हीसीआर लागेल. आधी एफएफव्ही१सारख्या न गमावणाऱ्या पद्धतीत उतरवा, छोटी प्रत नंतर करा. चित्राच्या तळाशी दिसणारी थरथरती पट्टी हा काडीचा दोष नाही. व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना ती येतेच, टीव्हीच्या चौकटीआड लपायची एवढंच. बुरशीची पांढरी पावडर दिसणारी कॅसेट साफ केल्याशिवाय घालू नका, ती हेडं खराब करते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच बुरशी लावते.